राखेने घासलेले पिस्टन

दसऱ्याच्या सकाळी नवनाथ खोपोलीच्या बाजारातून झेंडू घेऊन घरी आला, स्कूटर शेडच्या तोंडाशी लावली आणि फुलांची पिशवी हँडललाच लटकत राहिली. शेडच्या ओट्यावर पाट मांडला होता. पाटावर चार पिस्टन ओळीने उभे होते आणि चारही लखलखत होते. काल संध्याकाळपर्यंत त्यांची डोकी काळीकुट्ट होती. इंजिनात जळलेल्या तेलाची, वर्षानुवर्षांची काजळी. त्या काजळीत त्याने सुईच्या टोकाने एक, दोन, तीन, चार असे आकडे कोरून ठेवले होते. आता काजळी नव्हती आणि आकडेही नव्हते. प्रत्येक डोक्यावर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट आणि चिमूटभर अक्षता होत्या. शेजारी इंदू ओले हात झटकत उभी होती. नखांत काळं गेलेलं, अंगावर लेकीने, अक्षदाने, सणासाठी पाठवलेली मोरपंखी साडी.

"दसरा हाय ना," ती म्हणाली. "समदी हत्यारं घासली. ह्यांचं काळं काय निघंना, मंग राख न् नारळाची शेंडी घेतली." मग तिला त्याचा चेहरा दिसला.

साजगावच्या पट्ट्यात दसरा म्हणजे लोखंडाचं न्हाणं. वर्षभर तेलात माखलेली यंत्रं त्या दिवशी धुऊनपुसून झेंडू घालून बसतात, आणि ज्याच्या घरी यंत्र नाही तो कोयता नि पहार पुजतो. नवनाथच्या घरी घासण्याचं काम इंदूचं. गेल्या दसऱ्याला तिच्याकडून शेडमधला एक पाना राहून गेला, तर तो दिवाळीपर्यंत तिच्याशी शब्द बोलला नव्हता. ताट वाढलं की ते उचलून कुत्र्यापुढे ठेवायचा आणि फाट्यावर जाऊन वडापाव खाऊन यायचा. त्यामुळे या वर्षी तिने काही म्हणून सोडलं नाही. हे सगळं त्याला त्या क्षणी दिसलं, अगदी स्वच्छ दिसलं, आणि त्यामुळे त्याच्या डोक्यात जास्तच तिडीक गेली. तो ओरडला नाही. ओरडणाऱ्यातला तो नव्हताच, गावात त्याला गरीब माणूस म्हणत. "पूस," तो हळू आवाजात म्हणाला. ती म्हणाली, "फडकं आनते." तो म्हणाला, "फडकं कशाला? पदर हाय की." इंदूने पदर पुढे घेतला आणि एकेक पिस्टन पुसला. हळद, कुंकू आणि तेल यांचा मिळून एक डाग मोरपंखी पदरावर उतरला. चौथा पिस्टन पुसून होईपर्यंत नवनाथ तिथेच उभा राहून बघत होता, आणि त्याला बरं वाटत होतं.

इंजिनाच्या पोटात चार गोल विहिरी असतात आणि प्रत्येक विहिरीत एक पिस्टन आयुष्यभर वरखाली करतो. घासून घासून तो आपल्याच विहिरीच्या मापाचा होतो. थोडा तो झिजतो, थोडी विहीर झिजते, आणि दोघांचं जमून जातं. जुनेच पिस्टन परत घालायचे तर ज्याचा तो त्याच्याच जागी गेला पाहिजे. शेजारच्या विहिरीत घातला तर आत जातो, नाही असं नाही, पण एकीकडे ढिला आणि एकीकडे दाटून बसतो, आणि तापला की वैर काढतो. पनवेलच्या मिस्त्रीने त्याला सांगितलं होतं की बाबा, विहिरी कापून मोठ्या करून घे, परदेशातून नवे पिस्टन मागव, कशाला जुन्याच्या नादी लागतोस. नवनाथला ते पटलं नव्हतं. नवे पिस्टन आले की आवाज नवा येणार. नवा आवाज घेऊन त्याला काय करायचं होतं? पंच मारून आकडे उठवले असते तर हा प्रसंग आला नसता, हेही खरं. पण त्या धातूवर हातोडा मारायला त्याचा हात धजला नव्हता. येसाजीने त्या इंजिनाला कधी हातोडा लावला नव्हता, आणि येसाजीने जे केलं नाही ते आपण करायचं म्हणजे येसाजी जिंकला.

येसाजी त्याचा थोरला भाऊ. साजगावच्या कारखान्यात फिटर होता. कारखान्याच्या शेठकडे एक लाल, उघडी, दोन माणसांची विलायती गाडी होती, आणि तिला हात लावायची परवानगी अख्ख्या कारखान्यात एकट्या येसाजीला होती. येसाजीचं लग्न झालं तेव्हा शेठने किल्ली त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, बायकोला लोणावळ्याला फिरवून आण. त्या दिवशी नवनाथ सायकल घेऊन हाळ फाट्यावर उभा होता, मिसरूड फुटत होतं, कामधंदा काही नव्हता. आधी आवाज आला. भरीव, एकसुरी, जात्यावर दळण चालल्यासारखा. मग गाडी आली. येसाजीचा एक हात चाकावर होता आणि शेजारी इंदूवहिनी तोंड उघडून हसत होती, पदर मागे उडत होता. घरात ती असं हसताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्या दोघांनी त्याला पाहिलंसुद्धा नाही. गाडी घाटाला लागली तरी तो आवाज येत राहिला, वळणाआड गेला की बारीक व्हायचा, पुन्हा मोठा व्हायचा. शिंग्रोबाच्या देवळाशी येसाजी थांबला असेल, सगळेच ड्रायव्हर थांबतात. नाणं टाकलं असेल, नारळ फोडला असेल, तिने डोळे मिटून हात जोडले असतील आणि येसाजी तिच्याकडे बघत राहिला असेल. नवनाथने हे पाहिलेलं नव्हतं. पण अर्धं आयुष्य उलटल्यावरही, शेडमधल्या लेथच्या यंत्रावर काम करताना, दाढी करताना, तो ते बघत होता. त्याला वहिनी हवी होती. एवढीशी गोष्ट, पण ती मनातल्या मनात उच्चारायचीही त्याची छाती झाली नाही. आणि मग ती जशी मिळाली तशी कुणा वैऱ्यालाही मिळू नये.

कारखान्यात क्रेनची साखळी तुटली आणि येसाजी खाली सापडला. अक्षदा तेव्हा अंगावर पीत होती. वर्षश्राद्ध झालं आणि त्यांचा म्हातारा बाप धाकलू भाऊबंदांना घेऊन ओटीवर बसला. "पोर तान्ही हाय. घरचं घरात राहील," तो म्हणाला, आणि वहिनीचा पाट धाकट्या दिराशी लावायचं ठरलं. इंदूला कुणी विचारलं नाही. नवनाथला विचारलं, तर त्याने जमिनीकडे बघत मान हलवली. सगळे म्हणाले, काय पोरगा आहे, भावाच्या संसारासाठी जन्म वाहिला. हे कौतुक त्याने आजवर घेतलं, एकदाही नको म्हणाला नाही. पाटाच्या रात्री तिने तांब्या आणून ठेवला आणि सवयीने बोलून गेली, "भावजी, पानी." त्याने तांब्या भिंतीवर फेकला. "परत त्या नावानं हाक मारलीस तर जीभ हासडीन." तिने परत मारली नाही. अहो म्हणाली नाही, काहीच म्हणाली नाही. जेवण वाढलंय, पंप बंद करायचाय, असं ती हवेला सांगायची आणि त्याने ते ऐकायचं. अक्षदा त्याला काका म्हणतच मोठी झाली, लग्न होऊन नेरूळला गेली. बाबा म्हण असं त्याने तिला कधी सांगितलं नाही. पाहुणे जेवायला बसले की तो मधूनच हसत हसत म्हणायचा, "आपल्या नशिबी काय, थोरल्याचं उष्टं ताट." पाहुण्यांना कुठे बघावं ते कळायचं नाही. इंदू भात वाढत राहायची. तिचा हात कधी थरथरला नाही. तो थरथरावा म्हणून तर तो ते बोलायचा.

कारखाना बंद पडला, शेठचे वारस कुठे कुठे गेले, आणि ती गाडी भंगारात निघाली तेव्हा नवनाथने ती टेंपोत घालून घरी आणली. लाल रंगाचे पोपडे निघाले होते, सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं. इंदू घरातून बाहेर आली, गाडीला वळसा घातला आणि डाव्या सीटच्या फाटक्या चामड्यावर हात ठेवला. "हात काढ," तो म्हणाला. तिने काढला. मग जाता जाता तिने विचारलं, "चालू होईल?" गरज नसताना तिने त्याला काही विचारण्याची ती कित्येक वर्षांतली पहिली वेळ. त्या एका प्रश्नावर तो दोन पावसाळे राबला. त्याला फार काही नको होतं. इंजिन सुरू व्हावं, तोच जुना आवाज यावा, आणि तो ऐकून तिने येसाजीकडे नाही, त्याच्याकडे बघावं. एकदा. मग गाडी पुन्हा भंगारात गेली असती तरी त्याची तक्रार नव्हती.

आणि आता पिस्टनांवरचे आकडे गेले होते. दसऱ्याचं सोनं लुटायला गाव बाहेर पडलं तेव्हा तो शेडचं दार लावून मायक्रोमीटर घेऊन बसला. राखेने पिस्टनांच्या अंगावर बारीक ओरखडे उठले होते, विहिरी झिजून किंचित लांबट झालेल्या. माप एकदा हे सांगे, एकदा ते. शिवाय त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. मायक्रोमीटरवरच्या रेघा एकमेकींत मिसळायच्या, केस विस्कटल्यासारख्या. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. इंदूला माहीत होतं, कारण हल्ली तो भातातले खडे दाताखाली आल्यावरच ओळखायचा. पण ती बोलली नव्हती, आणि तिने बोलावं असं त्याने काय केलं होतं? पहिला आणि चौथा कसाबसा जमला. मधले दोन जमेनात. दुसऱ्यात तिसरा जाई, तिसऱ्यात दुसरा जाई, आणि कुठला कुठे शोभतो ते बोटांना कळत नव्हतं. त्याने तिला बोलावलं, चार पिस्टन पुढे मांडले आणि सांगितलं, "घासलेस तू, आता तूच सांग. कुठला कुठला होता?" ती बघत राहिली. "ध्यानात नाय," ती म्हणाली. "येसाचं सगळं बरं ध्यानात राहतं. त्याची आंघोळीची लुंगी कंच्या रंगाची होती ते राहतं," तो म्हणाला. त्या दिवशीपासून त्याने रोज सकाळी तिला शेडमध्ये उभं केलं. चहा पिऊन होईपर्यंत तिने त्या चार पिस्टनांपुढे उभं राहायचं. रोज ती म्हणायची, ध्यानात नाय, आणि रोज त्याचा चहा थोडा जास्त वेळ चालायचा. गुडघे दुखायला लागले की ती एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायची, आणि तो ते कपाच्या कडेवरून बघायचा.

मग एक दिवस त्याला वाटलं, असं नाही होणार. दुपारी तो बाजारातून मोगऱ्याचा गजरा घेऊन आला. गजरा हातात धरून घरात शिरताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, कारण हा हात असा कधी घरात शिरला नव्हता. "इंदू," तो म्हणाला. ती दचकली. तिचं नाव त्याच्या तोंडून शेवटचं केव्हा निघालं होतं हे दोघांनाही सांगता आलं नसतं. "बस की गं जरा."

ती शेडच्या उंबऱ्यावर बसली. त्याने गजरा तिच्या हातात दिला. "गाडी झाली की घाटात जाऊ. शिंग्रोबाला नारळ फोडू. तू बाजूला बसशील."

"मी?"

"मंग कोन? सीट दोनच हायेत."

तिने गजऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग त्याच्याकडे पाहिलं, तेही बराच वेळ. त्याला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. पाणी आलं नाही. ओठाचा एक कोपरा जरासा हलला, आणि तो आनंदाने हलला अशी त्याने समजूत करून घेतली. "तेवढं ते आठव ना," तो म्हणाला, आवाजात साखर घोळवत. "घासताना कुठला कुठं ठेवलास?"

इंदू उठली. हात पदराला पुसले, त्या डागाच्या पदराला. चारही पिस्टन तिने उचलून पाहिले, एकेकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि एकदाही न अडखळता ओळीत मांडले. "ह्यो पयला. ह्यो दुसरा. ह्यो तिसरा. ह्यो मागला."

"नक्की?"

"तुमी जेवायला गेलात की रोज येऊन बघत होते," ती म्हणाली. "ह्याला कडेला दात लागल्यागत खूण हाय. ह्याला पोटाशी काळा डाग हाय, तो घासून पण निघाला नाय. मला समदे वळखीचे हायेत."

जेवणाच्या त्या साऱ्या वेळा त्याच्या डोळ्यांसमोर आल्या. तो आत भात खात असायचा आणि ही इथे येऊन येसाजीच्या इंजिनाच्या हृदयाशी बसलेली असायची. मत्सराने त्याचं तोंड कडू झालं. पण काम झालं होतं. तिने गजरा केसांत माळला नाही, शेडमधल्या खिळ्याला अडकवला आणि ती भांडी घासायला गेली. नवनाथने मग नंबर पंच काढले. ज्या धातूवर हातोडा मारायला हात धजत नव्हता त्याच धातूवर त्याने एकेक घाव घालून आकडे उठवले, खोल, पुन्हा कोणत्याही राखेने जाऊ नयेत इतके. प्रत्येक घावाला त्याला वाटत होतं, आता हे माझे झाले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. त्याने रिंगा चढवल्या, तेल लावलं, पिस्टन आत सोडले. आत गेले. हाताने फिरवून पाहिलं तर इंजिन लोण्यासारखं फिरलं. खिळ्यावरचा गजरा एव्हाना तपकिरी पडला होता.

दिवाळीच्या आधीच्या सकाळी इंजिन सुरू करायचं ठरलं. इंदू न्हाऊन आली होती. तीच मोरपंखी साडी, पदर असा घेतलेला की डाग आतल्या बाजूला जावा. हातात सोललेला नारळ, शेंडी ठेवलेली. ती शेडच्या दारात उभी राहिली. नवनाथने किल्ली फिरवली, इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि चालू झालं. थोडं टकटकत होतं. थंड इंजिन टकटकतंच, तापलं की जातं, त्याने स्वतःला सांगितलं. मग त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. यासाठी दोन पावसाळे गेले होते. इंदू मान कलती करून ऐकत होती, अनोळखी माणूस पत्ता विचारत असावा तशी. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही, इंजिनाकडे पाहिलं, आणि हळूच मान हलवली, नाही अशी.

त्याने हत्यारांची पेटी उचलली आणि डाव्या सीटवर ठेवली. नवीन चामडं होतं, त्याने स्वतः शिवून घेतलेलं. "आधी ट्रायल," तो म्हणाला. "तुझं काय, तू बसलीयस की ह्या गाडीत एकदा."

"बरं," इंदू म्हणाली. तिने नारळ पुढे केला. "मंग ह्यो तरी न्या. द्येवळाशी फोडा."

त्याने नारळ घेतला नाही. आरशात ती दिसत राहिली, हात तसाच पुढे केलेला, गाडी वळेपर्यंत.

सावकाश न्यायची, इंजिन अंगवळणी पडेपर्यंत चढाला लावायची नाही, हे त्याला कळत होतं. पण फाट्यावर पानाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली, कुणीतरी म्हणालं, अरे ही तर येसाजीची गाडी, आणि त्याचा पाय आपोआप खाली गेला. येसाजीची. गाडीवर त्याने स्वतःचं रक्त आटवलं तरी येसाजीची. घाट सुरू झाला. टकटक थांबली. आणि पहिल्या मोठ्या वळणाला तो आवाज आला, भरीव, एकसुरी, जात्याचा. कपारीवर आपटून तो परत आला तेव्हा नवनाथच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, कारण तो आवाज इथे होता आणि ऐकायला शेजारी हत्यारांची पेटी होती. मागे फिरावं, तिला घेऊन यावं, असं त्याच्या मनात आलं. खरंच आलं. पण मागे फिरायचं म्हणजे तिला काहीतरी सांगावं लागणार, आणि काय सांगायचं ते त्याला येत नव्हतं. तो वर जात राहिला. पुढच्या वळणाला इंजिनातून बारीक किंकाळी निघाली, मांजराच्या पिल्लावर पाय पडावा तशी. जळक्या तेलाचा वास आला. मग एक आचका, आणि चाकं जागच्या जागी थांबली. शिंग्रोबाचं देऊळ वरच्या अंगाला दिसत होतं. मागे ट्रक भोंगे वाजवायला लागले.

टेंपोला दोर बांधून गाडी घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. त्याने हात न धुता इंजिनावरचं झाकण, हेड, उतरवलं. मधल्या दोन विहिरींच्या भिंतींवर पिस्टनांचा धातू वितळून फासला गेला होता. आता ना ते पिस्टन कामाचे राहिले होते, ना त्या विहिरी. त्याने टॉर्च चांगल्या डोळ्याजवळ धरला. दुसऱ्या विहिरीच्या भिंतीवर एक जुनी, गुळगुळीत चरी होती, वर्षानुवर्षांच्या सोबतीची. कडेला दातासारखी खूण असलेला पिस्टन त्या चरीत बरोबर बसला असता. तो तिसऱ्या विहिरीत होता. त्याच्या डोक्यावर खोल उठवलेला तीनचा आकडा होता, नवनाथच्या हातचा.

इंदू ओटीवर बसून भिजवलेले वाल सोलत होती. साडी बदलली होती. येसाजीच्या फोटोपुढे ताटलीत फोडलेल्या नारळाची भकलं होती. नवनाथ तिच्यापुढे उभा राहिला. कोपरापर्यंत काळे हात, त्यांचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. तिला मारावं असं त्याला वाटलं, आणि त्याहून जास्त, तिथेच तिच्यापुढे बसावं असं वाटलं.

"तुला खरं ठाऊक होतं?" त्याने विचारलं. "कुठला कुठला ते?"

तिच्या बोटांतून एक वाल सुटून वाटीत पडला, सोललेला, हिरवट पांढरा. तिने दुसरा घेतला. मग वर पाहिलं, थेट त्याच्याकडे, शांतपणे, दारात आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.

"होतं," इंदू म्हणाली. "बसा भावजी, पानी आनते."